रुंद कयाक, पण आत पाणी भरलं की बसूच देत नाही. असं का?

रेवदंड्याचा_बाब्या

नमस्कार मंडळी. दोन वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गेल्या दिवाळीत एक सेकंडहँड प्लास्टिकची कयाक (वल्ह्याने चालवायची छोटी होडी) घेतली. आत बसायची, सिट-ऑन-टॉप म्हणजे वर बसायची नाही. लांबी ३ मीटर, रुंदी ७५ सेंटिमीटर, कॉकपिटचं, म्हणजे बसायच्या पोकळीचं, तोंड एवढं मोठं की गुडघे वर घेऊन आरामात बसता येतं. सीटच्या मागे एक आडवी भिंत (बल्कहेड) आहे, तिच्या मागे हॅच, म्हणजे झाकणाची बंद खोली. पुढे भिंत नाही, नाकापर्यंत सगळं मोकळं.

परवा रविवारी खाडीत साळावच्या पुलाच्या अलीकडे होतो, मेहुणा त्याच्या सिट-ऑन-टॉपवर मागे. मी मान वळवून त्याच्याशी बोलतोय आणि तेवढ्यात एका ट्रॉलरच्या लाटा आडव्या आल्या. गेलो. बाहेर पडायला काही त्रास नाही, जॅकेट होतं, पाणी कोमट. कयाक सरळ केली, बाजूने पोटावर चढलो, कसाबसा आत बसलो. पाणी जवळपास कमरेपर्यंत. म्हटलं किनारा शंभर मीटरवर आहे, जाऊ असेच. दोन वल्ही मारली आणि कयाकबाई डावीकडे कलल्या. झटकन नाही, म्हैस डबक्यात कूस बदलते ना, तशा सावकाश, आणि मी काहीही करू शकत नव्हतो. परत चढलो, परत तेच, फक्त उजवीकडे. तिसऱ्यांदा नाद सोडला आणि मेहुण्याने ओढत कोर्लईच्या बाजूला चिखलात नेऊन घातलं.

आता प्रश्न. कोरडी असताना मी हिच्यात जवळजवळ उभा राहू शकतो इतकी ती स्थिर आहे. आणि तळाला वजन असलं की होडी जास्त स्थिर होते असं लहानपणापासून ऐकलंय. मग आत शंभर-सव्वाशे लिटर पाणी म्हणजे तळाला फुकटचं वजनच की. तरी का उलटते?

चकणा_खेकडा

मेहुणा हसला का?

रेवदंड्याचा_बाब्या

अजून हसतोय.

जहाजी_आप्पा

बाब्या, प्रश्न एकदम बरोबर विचारलास. जन्म जहाजांच्या स्थिरतेची गणितं करण्यात गेला, त्यामुळे जरा लांबण लागेल.

घरात एक प्रयोग कर. परातीत दोन तांबे पाणी घाल आणि ती परात दोन्ही हातांनी उचलून ओट्यापासून अंगणापर्यंत चालत जा. मग तेवढंच पाणी कळशीत घालून ने. वजन तेच. पण परातीत पाणी एका बाजूला गेलं की ती बाजू जड होते, म्हणून ती आणखी खाली जाते, म्हणून आणखी पाणी तिकडे जातं. कळशीत पाण्याला जायला जागाच नाही.

वजन तळाला असणं चांगलंच, पण ते बांधलेलं हवं. वाळूची गोणी कलंडल्यावर जागेवर राहते. पाणी मात्र जिकडे बोट कलेल तिकडे आधी धावतं. यालाच फ्री सरफेस इफेक्ट म्हणतात, मराठीत मोकळ्या पृष्ठभागाचा परिणाम म्हणू. फेरीबोटी, टँकर सगळ्यांना हा लागू आहे, म्हणून तर तेलवाहू जहाजाची टाकी मध्ये उभ्या भिंती घालून तोडलेली असते.

आता खरी गोम. हा परिणाम पाणी किती लिटर आहे यावर फारसा नाही, पाण्याचा पृष्ठभाग किती रुंद आहे यावर आहे, आणि तोही रुंदीच्या घनाने. रुंदी दुप्पट तर परिणाम आठपट. लांबी दुप्पट तर फक्त दुप्पट.

आणि तुझी बोट कोरडी असताना स्थिर का वाटते? बाहेरच्या पाण्याच्या पातळीवर तिचा जो आडवा काप पडतो त्याच्या रुंदीमुळे. तिथेही घनच! म्हणजे ज्या रुंदीच्या जोरावर बाहेरचं पाणी तुला सरळ करू पाहतं, त्याच रुंदीच्या जोरावर आतलं पाणी तुला आडवं करू पाहतं. अख्खी बोट आतून मोकळी असेल तर हे दोघे एकमेकांना जवळपास खाऊन टाकतात, मग बोट ७५ सेंटिमीटर असो नाहीतर ५५. उरतो तो तू, सीटवर उंच बसलेला, आणि तुझं वजन कुठे जायचं ते जातंच.

रेवदंड्याचा_बाब्या

आप्पा 🙏 म्हणजे मी रुंदीसाठी पैसे मोजले ते कोरड्या दिवसासाठी?

जहाजी_आप्पा

हो, असंच म्हणावं लागेल. तुझ्या बोटीत नाकापासून मागच्या भिंतीपर्यंत सलग खोली आहे, ३ मीटरपैकी दोन-सव्वादोन मीटर असेल. आणि त्यात सगळा रुंद भाग आला. ढोबळ हिशेब केला तर पाणी शिरल्यावर रुंदीने मिळणाऱ्या स्थिरतेपैकी ८० टक्क्यांच्या वर तिथेच गेली. तुझ्या मांड्या आणि कंबर थोडी जागा अडवतात, तेवढीच सूट.

मालवणी_वल्हं

आप्पांनी गणित सांगितलं, मी अनुभव सांगतो. आमच्याकडे होडीत लाट घुसली की पहिला नियम, कोणी उभं राहायचं नाही. बापूस ओरडायचो, "उभ्यान रवा नको, तळाक बसा!" आणि मग एकाने उपसायचं, बाकीच्यांनी गप्प बसायचं. बाब्या, तू सीटवर बसलास ना? सीट काढून तळाला बसला असतास, किंवा पाय पसरून मागे डेकवर (बोटीच्या छतावर) पाठ टेकवली असतीस तर निदान किनाऱ्यापर्यंत आला असतास असं माझं मत.

दुसरं म्हणजे उलांडी, होडीच्या बाजूला काठ्यांनी बांधलेला तरंगता ओंडका. आमच्या छोट्या होड्या अरुंद असतात पण बाजूला उलांडी असते, मग आत गुडघाभर पाणी असलं तरी फारसं काही होत नाही, कारण स्थिरता होडीच्या पोटात नाहीच, ती तिकडे चार हात लांब पाण्यावर आहे. हे परदेशी लोक वल्ह्याच्या टोकाला फुगा लावून चढतात ते दुसरं काय आहे?

थंडपाणी_सिएटल

मालवणी_वल्हं +१. तो वल्ह्याचा फुगा, पॅडल फ्लोट, म्हणजे शुद्ध उलांडी. इथे शिकवताना मी मराठी मंडळींना तसंच सांगते, लगेच कळतं. फक्त एक चूक सगळे करतात. चढून झालं की हुश्श करून फ्लोट काढून टाकतात, मग पंप मारायला घेतात. पंपाला एक हात जातो, वल्हं मांडीवर, आत शंभर लिटर पाणी, आणि पुढच्या लाटेला परत बाहेर. उपसून होईपर्यंत उलांडी काढायची नाही.

मी सिएटलजवळच्या समुद्राच्या खाडीत, प्युजेट साउंडमध्ये, समुद्री कयाक चालवते. इथे पाणी उन्हाळ्यातही १२-१३ डिग्रीच्या आसपास, त्यामुळे तीन वेळा चढून बघायची चैन नाही, दुसऱ्या वेळेलाच हात काम करेनासे होतात. माझी बोट ५.२ मीटर लांब आणि ५५ सेंटिमीटर रुंद, म्हणजे बाब्याची बघून ही कोणीतरी टाचणी वाटेल. कोरडी असताना नवखा माणूस हिच्यात पाच मिनिटं टिकत नाही. पण भरलेली असताना ही बाब्याच्या बोटीपेक्षा बरी वागते, आणि कारण फक्त भिंती. माझ्या पायांच्या थोडं पुढे एक बल्कहेड आणि पाठीच्या लगेच मागे एक, मधली खोली जेमतेम १.३ मीटर.

मागची भिंत माझ्या बोटीत सीटला चिकटून आणि तिरकी आहे. त्याचा फायदा असा की उलट्या बोटीचं नाक दुसऱ्याने आपल्या डेकवर ओढून घेतलं की कॉकपिटातलं जवळपास सगळं पाणी सांडून जातं, कोपऱ्यात अडकून राहत नाही. जुन्या बोटींत भिंत सीटच्या दीड फूट मागे असायची, तिथे एक बादली पाणी कायम बसलेलं.

जहाजी_आप्पा

ताई, तुमच्या बोटीचा हिशेब करून पाहिला. खोली लांबीच्या पाव, पण तो सर्वांत रुंद पाव भाग आहे, त्यामुळे नुकसान पाव नाही, निम्म्याच्या आसपास येतं. म्हणजे निम्मी स्थिरता शिल्लक. बाब्याकडे वीस टक्केही नव्हती. भिंत कुठे आहे याला इतकं महत्त्व आहे.

थंडपाणी_सिएटल

निम्मी! अगदी तसंच जाणवतं आप्पा. बोट आळशी होते, उत्तर उशिरा देते, पण देते.

कोलाडचा_पाणकावळा

अरे बाब्या, आम्ही तुझ्याच कुंडलिकेच्या वरच्या अंगाला. भिऱ्याच्या वीजकेंद्राचं पाणी सोडलं की सकाळी नदीत. सगळं वाचलं, एवढं गणित कशाला? स्प्रे स्कर्ट (कमरेभोवती घालून कॉकपिटचं तोंड झाकायचं कापड) लावा, पाणी आत येतच नाही, रोल म्हणजे बाहेर न पडता उलटी बोट सरळ करणं शिका, विषय संपला. आमच्या व्हाइटवॉटर, म्हणजे खळाळत्या नदीच्या, बोटीत सीटच्या मागे दोन एअरबॅग कोंबलेल्या असतात, मध्ये फोमची उभी भिंत. पाण्याला जागाच नाही.

थंडपाणी_सिएटल

पाणकावळे, तुमची बोट अंगात घातल्यासारखी असते आणि किनारा वीस मीटरवर. समुद्रात रोल चुकला आणि बाहेर पडावं लागलं की स्कर्ट असूनही कॉकपिट भरणारच. स्कर्ट पहिल्या वेळेसाठी आहे. आम्ही बोलतोय ते दुसऱ्या वेळेबद्दल.

आणि बाब्याच्या कॉकपिटचं तोंड एवढं मोठं आहे की त्यावर नायलॉनचा स्कर्ट म्हणजे ताडपत्री, वर लाट पडली की मधोमध खाली जाणार. बाब्या, उलटं होऊन स्कर्ट ओढून बाहेर पडायचा सराव कोणासमोर केल्याशिवाय तो लावूही नकोस.

कोलाडचा_पाणकावळा

हे मान्य. मागे घेतो शब्द. अर्धेच.

चहा_आणि_भरती

मी इंग्लंडमध्ये असतो. इथे कयाकिंग शिकवणाऱ्या कोणालाही लाइम बे (इथल्या दक्षिण किनाऱ्यावरचा उपसागर) म्हटलं की गप्प होतो. मार्च १९९३, शाळेची मुलं, सोबत शिक्षक आणि प्रशिक्षक, लाइम रीजिसहून शेजारच्या चारमथला निघाले होते. अंतर काहीच नाही. वारा किनाऱ्याकडून समुद्राकडे, लाटांनी बोटी एकामागून एक भरत गेल्या, उलटत गेल्या, आणि मदत पोचेपर्यंत तास गेले. चार मुलं गेली. पुढे १९९५ मध्ये मुलांना असे साहसी खेळ शिकवणाऱ्या केंद्रांसाठी वेगळा कायदा आला, परवाने आले. कायद्याबद्दल खूप लिहिलं जातं, पण मला दर वेळी वाटतं की एक भरलेली बोट निस्तरताना बाकीच्यांच्या बोटी भरत असतात, हे तिथे झालं.

रेवदंड्याचा_बाब्या

वाचून अंगावर काटा आला. आपल्याकडे तर बीचवर सगळं "अर्धा तास तीनशे रुपये".

आप्पा, दोन शंका. एक, पाणकावळे म्हणतात तशी मध्ये उभी फोमची भिंत घातली तर? दोन, माझ्या बोटीचा तळ सपाट आहे, त्याचा काही संबंध?

जहाजी_आप्पा

पहिली शंका. उभी भिंत मधोमध घातली की एका रुंद परातीच्या दोन अरुंद पराती होतात. प्रत्येकीची रुंदी निम्मी, परिणाम आठवा हिस्सा, पण पराती दोन, म्हणजे एकूण चौथा हिस्सा. ऐकायला झकास. पण अट अशी की पाणी इकडून तिकडे जाता कामा नये, तळापासून डेकपर्यंत सील हवं. आणि तुझे पाय? कॉकपिटात मधोमध तू बसलायस. व्हाइटवॉटर बोटीतली ती भिंत डेक दबू नये म्हणून असते, तिच्या बाजूने पाणी बिनधास्त फिरतं. स्थिरतेसाठी तिच्यावर विसंबू नकोस.

दुसरी शंका चांगली आहे. सपाट तळात चार बोटं पाणी आलं तरी ते लगेच या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरतं, म्हणजे परात पूर्ण तयार. व्ही किंवा गोल तळात थोडं पाणी मध्ये खोलगट जागेत बसतं, पृष्ठभाग अरुंद राहतो. म्हणून सपाट तळाच्या बोटीत थोडं पाणीही त्रास देतं. स्पंज ठेव आणि वेळेवर टिपत जा, हसू नकोस.

थंडपाणी_सिएटल

यात एक गंमत आहे, विश्वास बसणार नाही. पूर्ण भरलेलं कॉकपिट कधीकधी अर्ध्या भरलेल्यापेक्षा जास्त स्थिर असतं! डेकच्या खालचं पाणी डेकलाच टेकलं की त्याला हलायला जागा उरत नाही, मोकळा पृष्ठभाग फक्त कॉकपिटच्या तोंडाएवढा राहतो. आम्ही सराव करताना मुद्दाम काठोकाठ भरून वल्हवतो. बोट पाण्यात बुडालेल्या ओंडक्यासारखी चालते पण उलटत नाही. मग पंप मारायला लागलं की अर्ध्यावर आल्यावर परत डुगडुगायला लागते, आणि नेमकं तेव्हाच माणूस "आता झालंच" म्हणून सैल पडलेला असतो.

अर्थात काठोकाठ भरून चालवायला पुढे-मागे हवा बंद असलेल्या खोल्या हव्यात. बाब्याच्या बोटीत पुढे काहीच नाही, नाक खाली जाईल.

चहा_आणि_भरती

नुसतं खाली नाही, उभी राहील. एका टोकाला हवा आणि दुसऱ्या टोकाला पाणी असलं की कयाक पाण्यात खांबासारखी उभी राहते, इथे त्याला क्लिओपात्राची सुई म्हणतात, त्या लंडनमधल्या दगडी खांबावरून. एकदा बोट तशी झाली की समुद्रात एकट्याने ती रिकामी करणं विसरा. हॅचचं झाकण नीट न लावणं किंवा बल्कहेडचा डिंक सुटणं, एवढंसं कारण पुरतं.

मालवणी_वल्हं

डिंक सुटण्याचं बोललात ते बरं झालं. प्लास्टिकच्या बोटीला काही पटकन चिकटत नाही. फोमची भिंत, कडेने सीलंट, आणि आपलं ऊन. बोट उन्हात पत्र्यावर ठेवली की प्लास्टिक फुगतं, रात्री आकसतं, दोन उन्हाळ्यांत कडेने फट पडते आणि बाहेरून कळत नाही. बाब्या, मागच्या हॅचमध्ये बादलीभर पाणी ओत आणि बघ कॉकपिटात येतं का.

गोवेकर_तारू

सिट-ऑन-टॉपवाल्यांनी खूश होऊ नये म्हणून लिहितो. आमच्याकडे भाड्याने देतात त्या सगळ्या तशाच, वरचं पाणी भोकांतून आपोआप जातं, म्हणून लोकांना वाटतं यात पाणी भरायचा प्रश्नच नाही. पण ती आतून पोकळ असते, बहुतेक वेळा नाकापासून शेपटीपर्यंत एकही भिंत नाही. ड्रेन प्लग (आतलं पाणी काढायच्या भोकाचं बूच) लावायचा राहिला किंवा वाळूवर ओढून ओढून त्या भोकाच्या कडेला चीर गेली की पाणी आत जातं आणि तुम्हाला दिसतच नाही. आप्पांची परात, पण झाकण लावलेली. एक बाई मला म्हणाल्या, "आज बोट दारू प्यायल्यासारखी करतेय." किनाऱ्यावर आणून प्लग काढला तर दहा मिनिटं पाणी वाहत होतं. तेव्हापासून रोज सकाळी प्रत्येक बोट उचलून कानाशी हलवतो, नारळ बघतो तशी.

रेवदंड्याचा_बाब्या

नारळ 😂 मेहुण्याला लिंक पाठवली आहे.

आप्पा, मग माझ्या बोटीचं करू काय? पुढे भिंत बसवू?

जहाजी_आप्पा

भिंत नीट बसवता येत नसेल तर पुढे एअरबॅग टाक, बांधून टाक, नाहीतर ती तरंगत पायांवर येईल. पण खरी किफायत बाजूंना आहे. घन आठव. तुझ्या बोटीची आतली रुंदी ७० धर. दोन्ही कडांना दहा-दहा सेंटिमीटर जाडीचा फोम घट्ट बसवलास तर पाण्याला उरले ५०. ७० चा घन ३,४३,०००. ५० चा १,२५,०००. म्हणजे परिणाम जवळपास तिसऱ्या हिश्श्यावर आला. आणि बाहेरची रुंदी ७५ ची ७५ च आहे, ती तुझ्या बाजूने काम करतेच आहे. तेवढाच फोम नाकात कोंबलास तर पाणी तेवढंच कमी होईल, पण स्थिरता नावाला वाढेल.

फोम बंद पेशींचा घे, पाणी न पिणारा. गादीचा स्पंज नको. थर्माकोल चुरा होऊन खाडीत जाईल. आणि बसवल्यावर उलटं होऊन बाहेर पडून बघ, पाय कुठे अडकत तर नाही ना.

थंडपाणी_सिएटल

जुन्या ग्रीनलँडच्या कयाकी अशाच होत्या ना, माणसाच्या मापाने शिवलेल्या. मांड्या आणि डेक यांच्यात करंगळी घालायला जागा नाही, पाणी शिरून शिरून किती शिरणार! आम्ही तेच सी-सॉकने करतो, कॉकपिटात एक मोठी पिशवी, त्यात आपण बसायचं, पाणी येतं ते फक्त पिशवीत. दिसायला बोचक्यासारखं, पण उपसायला निम्मी मेहनत.

रेवदंड्याचा_बाब्या

तीन आठवड्यांनी परत आलो, रिपोर्ट द्यायला.

मागच्या भिंतीची टेस्ट केली. मालवणी_वल्हं, तुम्ही जादूगार आहात, डाव्या खालच्या कोपऱ्यातून पाझरत होतं. जुनं सीलंट नखाने निघालं. खरवडून परत भरलं. पुढे बीचबॉलच्या दोन ब्लॅडर जाळीत बांधून टाकल्या (एअरबॅगचा भाव बघून डोळे पांढरे झाले). कडांना पॅकिंगचा फोम, थर चिकटवून, नायलॉन पट्ट्यांनी आवळून.

मग भरतीला, छातीभर पाण्यात, मेहुणा शेजारी उभा. आधी फोम न लावता मुद्दाम भरली आणि बसून बघितलं, म्हणजे तुलना करता येईल. पाच-सहा वल्ह्यांत आडवा. पाणी बादलीने मोजत उपसलं, १५ लिटरच्या नऊ बादल्या. मग सगळं बसवून परत भरली. पाच बादल्या. पण बादल्यांचं सोडा, बसल्यावर जे वाटलं ते सांगतो. पाणी मांड्यांवरून इकडून तिकडे जाताना कळायचं आधी, एक लोंढा जायचा आणि त्याच्या मागे बोट जायची. आता ते नुसतं डचमळतं. कलते, थांबते, परत येते. पुलाच्या खांबापर्यंत जाऊन आलो, भरलेल्या बोटीत. हळू, पण आलो.

आप्पांच्या अर्ध्या पाण्याच्या गोष्टीचाही, म्हणजे ताईंच्या, अनुभव घेतला. तीन बादल्या उपसल्यावर एकदम डुगडुगली.

एकच भानगड आहे. बोट आता कायम जराशी डावीकडे कललेली चालते.

जहाजी_आप्पा

फोम दोन्हीकडे सारखाच आहे का?

रेवदंड्याचा_बाब्या

डावीकडे मी लावला, उजवीकडे मेहुण्याने. आत्ता पट्टी लावून मोजलं. उजवीकडे दहा, डावीकडे साडेसहा. म्हणजे मी डावीकडे सरकून बसतोय.

चकणा_खेकडा

मेहुणा हसला का?